पंधरा टक्के

रविवार कारंजा, भांड्यांच्या दुकानावर पहिला मजला,
गायधनी पब्लिसिटी.
पाटीवरचा अर्धा ब उन्हानं खाल्ला
त्याला सात वर्षं झाली.

मी इथे बिलं करते, नोटिशी टाईप करते.
नावात बदल. मूळ खरेदीखत गहाळ.
सदर मिळकतीवर कोणाचा हक्क, बोजा, गहाण असल्यास.
लोकांचं काय काय हरवतं
ते चौरस सेंटिमीटरनं मोजते.

काल कुरिअरनं एक जाड अंक आला,
कुणी पाठवला, ठाऊक नाही.
आत जगातल्या पहिल्या पन्नास जाहिरात संस्था
उत्पन्नाच्या उतरत्या क्रमानं:
नाव, मुख्यालय, माणसं, डॉलर,
गेल्या साली कितवी होती, बाण वर की खाली.

मी पेन्सिलीनं शून्यं मोजली,
आधी त्यांच्या पद्धतीनं तीन-तीन,
मग आपल्या पद्धतीनं दोन-दोन.
अब्ज, खर्व, निखर्व
शाळेत एका दमात म्हटले होते,
बिलात कधी लागले नव्हते.

पहिल्या नंबरचा परिचय दीड पान.
लाखभर माणसं, सगळ्या खंडांत.
चौथीनं सहावीला विकत घेतलं
आणि दोघींची नावं झिजून तीन अक्षरं उरली.
आमच्याकडे माणसं चार,
त्यात बबन अर्धा,
दुपारनंतर तो दूध केंद्रावर असतो.

यासीन कोकणी भिंत संपवून आला,
नखांत चुना आणि गेरू.
दिंडोरी रस्त्याला द्राक्षांच्या औषधाची सतरा अक्षरं,
एकेक दोन फुटी.
त्यानं पान तिरकं धरून पाहिलं.
"यात भिंत कोण रंगवतं?"
मी शोधलं. लिहिलेलं नव्हतं.
"मग शिडी कोण धरतं तेही नसेल,"
म्हणाला, आणि बशीत चहा ओतला.

गायधनी काका मात्र यादी खालून वर वाचत गेले,
पन्नास, एकोणपन्नास,
मुलाचा निकाल बघावा तसे.
तिसाव्यापर्यंत पोचले आणि त्यांना डुलकी लागली.

साडेचारला सिन्नरचे चव्हाणके आले.
पाकिटात बायकोचा फोटो, रेशनकार्डावरून मोठा केलेला,
आणि वहीचा कागद:
नाव, वय एकसष्ट,
दशक्रिया विधी रामकुंड, सकाळी आठ वाजता,
शेवटी एक ओळ,
स्वेटर फार सुबक विणायची.

मी आयत आखला, मोजला. एकवीसशे.
त्यांच्याकडे अठराशे.
"ही शेवटची ओळ काढली तर बसेल," मी म्हणाले.
ते काही बोलले नाहीत.
नोटा पुन्हा मोजल्या, अंगठा ओला करून.
तेवढ्याच निघाल्या.

आतून आवाज आला, डोळे मिटलेलेच असावेत:
"आपले पंधरा टक्के सोड."

पंधरा टक्क्यांत स्वेटर बसला, बाह्यांसकट.
उलट पंधरा रुपये मीच परत दिले,
सुट्टे नव्हते, यासीननं काढून दिले.

संध्याकाळी रोजमेळ लिहिला.
मग उगाच अंक उघडला.
पन्नासाव्याखाली बोटभर कोरी जागा होती,
तिथे लिहिलं: गायधनी पब्लिसिटी, नाशिक. माणसं साडेतीन.
उत्पन्नाचा रकाना तसाच ठेवून
पुढे बाण काढला, खाली,
तीनशे पंधरा रुपयांचा.

आज सकाळी पेपर आला.
पान पाच, फोटो ठीक, वेळ ठीक,
आणि छापलं होतं:
स्वेटर फार सुबक विनायची.

काकांनी फोन लावला.
एवढ्या मोठ्यानं ते बँकेशीही कधी बोलले नव्हते.
एका ण साठी पाऊण तास,
खाली भांडीवाल्यानं ठोकाठोक थांबवली.
शेवटी तिकडचा माणूस नमला,
उद्या खुलासा छापतो म्हणाला, चार ओळी, फुकट.

काकांनी रिसीव्हर ठेवला, पाणी प्यायले.
मी बिलबुक उघडलं आणि मिटलं.
खुलाशावर कमिशन नसतं.