बाल्देरो

तोवर त्या टेकडीवरच्यांना एकत्र असं नाव नव्हतं.
गुडघा वाजणारा एलेआसार होता,
मेलेल्या नवऱ्याचे बूट घालून उतरणारी एदुविहिस होती,
एकमेकींशी अबोला धरलेल्या चोके बहिणी होत्या.
चिलीच्या उत्तरेला, वाळवंट जिथे समुद्राला टेकतं तिथे,
पाण्याचा ट्रक मंगळवारी यायचा.
किंवा यायचा नाही.

मग राजधानीतला एक मंत्री रेडिओवर
घसा खाकरून म्हणाला: हे बाल्देरो.
बालदीवाले.
शब्द कुठल्याच कोशात नव्हता,
त्यानं तिथल्या तिथे पाडला
आणि खाली बंदरात लोक हसले.

मराठीत नाव ठेवणं आणि नावं ठेवणं
यात एका अनुस्वाराचं अंतर.
तिथे तेवढंही नव्हतं.

आठवडाभर पोरांनी तो पोरांना फेकून मारला.
पुढच्या आठवड्यात एलेआसारच्या नातीनं
तोच भिंतीवर काढला, चुन्यानं, स्वतःहून उंच.
आम्ही बाल्देरो.
शेवटचा ओ मावेना,
तो कोपऱ्यावरून वळून शेजारच्या भिंतीवर गेला.

आणि काय सांगू, माणसं त्या शब्दात राहायला गेली.
चोके बहिणी एका बाकावर बसल्या.
ज्यांनी बंदर ओलांडलं नव्हतं ते
निळ्या बालद्या बडवत राजधानीपर्यंत गेले.

मी हे लांबून वाचलं, ज्या भाषेतली बालदीसुद्धा
कुणा खलाशाच्या हातून किनाऱ्याला लागली
आणि आता आमचीच आहे.
मला वाटलं, शब्द मिळाला की पाणी मिळतंच.

मिळालं. अर्ध्या टेकडीला.
एदुविहिसच्या अंगणात नळ, पहाटे एक तास.

त्या रविवारी सभेच्या दारात
दंडाला निळी फीत बांधलेल्या पोरानं तिला अडवलं:
आजी, तुम्ही अजून बाल्देरो आहात?
तो स्वतः बंदरावरचा, तिसऱ्या मजल्यावरचा.
पण शब्द त्याच्या तोंडात छान बसायचा.
निदान घरात बालदी तरी आहे का?

ती खरं बोलणारी बाई.
नाही, म्हणाली.

नव्हतीच कधी. रंगाचा डबा होता, पिवळा,
तारेची कडी लावलेला. चाळीस वर्षं.
उजव्या तळहातावर तिची रेघ आहे,
आयुष्यरेषेला आडवी.

तो हात तिनं कुणाला दाखवला नाही.
बूट मोठे होतात तिला,
उतारावर जपून जावं लागतं.