खिशातला जवळा

वॉशर हे नाव गुलनवाबनं ठेवलं.
एवढंसं, गोल, आणि नेमकं हवं तेव्हा सापडत नाही म्हणून.
सोहारच्या इंडस्ट्रियल एरियात, आमच्या एसीच्या वर्कशॉपमागं,
भंगार कंडेन्सरांच्या ढिगात निघालं ते,
जूनमध्ये, पत्र्यावर हात ठेवला
तर कातडी तिथंच राहावी अशा दिवसांत.

पहिला आठवडा मी फक्त ओरडलो.
चप्पल नेली, ओरडलो. तांब्याची नळी चावली, ओरडलो.
बावीस वर्षं ओरडण्याचाच पगार घेतोय,
त्यात नवं काय.
ते कान पाडून ऐकायचं
आणि दुसरी चप्पल न्यायचं.

समोरच्या दातांच्या दवाखान्यातली मारिसेल म्हणाली,
"बॉस, चुकलं की आंधळ्यालाही दिसतं.
बरोबर करतं तेव्हा तुम्ही कुठे असता?"

कुठे असतो मी?
कामात.

मग खिशात जवळा ठेवायला लागलो,
गावाहून आलेला, वर्तमानपत्राच्या पुडीतला.
शर्टाला वास. गिऱ्हाईक नाक मुरडतं. मुरडू दे.
शटर वर जाताना उंबऱ्याच्या आत थांबलं, एक चिमूट.
चहावाल्याच्या पायात न जाता माझ्याकडे बघितलं, एक चिमूट.
दुपारच्या बांगेला आधी सूर लावून रडायचं,
आज नुसते कान हलवले. दोन.
एकदा मांजर दिसलं. सगळं अंग पुढे झुकलं,
एक पाय हवेत,
आणि तो पाय त्यानं परत खाली ठेवला.
कुणी सांगितलं नव्हतं.
तेवढ्यासाठी मी शिडीवरून उतरून आलो.

अवघड असतं ते बघत राहणं.
चूक आवाज करते.
नीट वागणं म्हणजे बहुतेक वेळा
काहीच घडत नाही,
आणि काही घडत नसताना बघायची सवय
मला कुणी लावली नव्हती.

परवा दिलमाननं नळीला जोड दिला. असा,
की बोट फिरवलं तर कळू नये
कुठे सुरू झाला, कुठे संपला.
माझा हात आपोआप खिशात गेला.
हसू नका.
तसाच बाहेर काढला, म्हणालो, "छान झालंय."
त्यानं गॅस बंद केला, चष्मा कपाळावर चढवला.
"उस्ताद, नौकरी से निकाल रहे हो?"

रात्री केतकीचा फोन. ब्याऐंशी टक्के.
गेल्या वर्षी एकोणऐंशी होते, तेव्हा विचारलं होतं,
उरलेले एकवीस कुठे सांडले?
ती हसली होती. आत्ता आठवतंय,
हसून लगेच आईकडे फोन दिला होता.
यंदा तिनं आकडा सांगितला आणि थांबली.
ते थांबणं मी ओळखलं.
एक पाय हवेत.

एवढा समुद्र ओलांडून चिमूट पोचत नाही.
"छान" तर दिलमानला देऊन झालं होतं,
दुसरा शब्द हाताशी येईना.
"बाबा? हॅलो? रेंज गेली का?"
"आहे," म्हणालो. "आहे मी.
गणितात किती पडले... नको, ते राहू दे.
तू अभ्यासाला कुठे बसायचीस, ते सांग."

मागच्या पडवीत, म्हणाली. पिंपावर पाय टेकून.
मुंग्या वहीवर चढायच्या, त्यांना फुंकर मारून.
शेजारच्यांचा टीव्ही. एकदा साप.
साप? मला कुणी बोललं नाही.
तुम्ही ओरडला असतात, म्हणाली,
आणि पुढे सांगतच राहिली. अर्धा तास.
फोन आईकडे गेलाच नाही.

वॉशर झोपलं होतं,
माझ्या चपलेवर हनुवटी टेकून. न चावता.
पुडी चाचपली. तळाला चुरा तेवढा,
आणि कागदावर तेलाचा डाग.
कागद उलगडून त्याच्या नाकापुढे ठेवला
आणि ते जागं होईपर्यंत
बसून राहिलो.