अकरा दिवस वर

नेर्मिन हानुम रोज सकाळी कॅलेंडरचं पान फाडतात.
कधी एक, कधी चार,
कधी हाताला लागतील तेवढी.
मी ती टोपलीतून काढते, तळहाताने सपाट करते,
चिकटपट्टीने पुन्हा लावते जागच्या जागी.
या घरात मंगळवार परत येऊ शकतो.
माझ्या कार्डावरची तारीख तेवढी येत नाही.

गोळ्यांच्या डबीला सात कप्पे.
पांढरी रक्तदाबाची, पिवळी विसरण्याची.
म्हणजे विसरू नये म्हणून,
पण आम्ही दोघी तिला विसरण्याचीच म्हणतो.
कप्पे भरता भरता मनात येतं,
बाईचे दिवस भरले की मूल होतं,
पापी माणसाचे भरले की त्याला न्यायला येतात.
माझे भरले तेव्हा
काहीच झालं नाही.
उस्कुदारच्या धक्क्याला बोट लागली,
चहावाल्याने माझ्याकडे सुट्टे मागितले,
मांजर पायात आलं.
तीच भीती बसली माझ्या अंगात,
काहीच न होण्याची.

आता मी पाव आणायला मागच्या चढाने जाते.
गुडघे बोलतात, पण बसथांबा टळतो.
जेमाल त्या थांब्यावरच सापडली.
तिच्या गॅसवर चणे शिजत होते.
शेजारीण फोनवर मला विचारत होती,
जळका वास येतोय, चावी कुणाकडे?
चावी जेमालच्या खिशात,
जेमाल त्यांच्या गाडीत.
तेव्हापासून बाहेर पडताना
मी गॅस तीनदा बघते.
तयारी म्हणून मला एवढीच जमते.

रविवारी तारिक बे येतात.
आईच्या कपाळावर ओठ टेकवतात, माझी बोरेक खातात,
म्हणतात, बघू, एक वकील आहे ओळखीचा.
मागच्या रविवारीही तो ओळखीचाच होता.
एजंट फोन उचलत नाही,
उचलतो तेव्हा आकडा वाढलेला असतो.
रात्री विजेच्या बिलाच्या पाठीवर मी हिशेब मांडते:
राहिले तर दंड, गेले तर पुन्हा दार बंद,
बाहारची फी, तिच्या दातांची तार,
आईच्या घराचं छप्पर.
बिल लहान पडतं.
बाहार आवाजात विचारते, कधी येणार?
तिचा आवाज आता माझ्यापेक्षा जाड झालाय.
येणं एका दिवसाचं काम आहे,
कुणी पकडलं तरी पुरे,
हे तिला सांगत नाही.

माझं नाव ओगुलगेरेक.
लागोपाठ मुली झाल्या की आमच्याकडे ठेवतात असं:
मुलगा हवा.
म्हणजे दुसऱ्या कुणाच्या जागेवर
मी पहिल्या दिवसापासूनच बसलेय.
नेर्मिन हानुमना एवढं लांब नाव पेलत नाही.
त्या हाक मारतात, गेरेक.
त्यांच्या भाषेतही अर्थ तोच.
नावातला मुलगा त्यांनी गाळला,
हवं तेवढं ठेवलं.

काल रात्री नऊला बेल वाजली.
मी खुंटीमागे उभी राहिले,
त्यांच्या नवऱ्याच्या कोटात, जो सोळा वर्षं
कुणी घातलेला नाही.
डांबरगोळ्यांचा वास. बाहेर पुरुषाचा आवाज.
नेर्मिन हानुम अनवाणी गेल्या, दार उघडलं.
खालच्या मजल्यावरचा बुऱ्हान होता.
आमच्या न्हाणीतून त्याच्या छतावर पाणी गळतंय म्हणाला.
घरी कोण आहे तुमच्याजवळ?
कोट, त्या म्हणाल्या. आणि दार लावलं.

मग मला बाहेर काढून, दिव्याखाली धरून
नेहमीसारखं विचारलं,
तू कधी आलीस गं?
काल, मी म्हणाले.
चार वर्षं मी कालच येतेय.
मग राहा ना थोडे दिवस.
राहते.

त्या पलंगाकडे वळल्या,
वाकल्या, खाली काय ते पाहिलं.
मग ही बॅग, म्हणाल्या,
अजून का नाही सोडलीस?