पांढरी ठेवा

मंगळवारी पांढरी नेली, शुक्रवारी निळी.
वॉरिंग्टन ते इल्कली, तोच रस्ता, तोच वारा,
त्याच लाल अक्षरांच्या पाट्या, पुढे एक मागे एक,
आणि सीटवर तेच प्लॅस्टिक.
आठ वर्षं दुसऱ्यांच्या गाड्या पोचवतोय,
आतलं कातडं कसं लागतं
ते मांड्यांना अजून ठाऊक नाही.

पांढरीचं आधी सांगतो.
हँडल दारात गुडूप. जवळ गेलं की बाहेर येतं,
डॉक्टरनं 'आ कर' म्हटल्यावर जीभ यावी तसं.
सुरू झाली की नाही कळेना, म्हणून
पुन्हा बटण दाबलं, म्हणजे बंदच केली.
ताकद अशी, की पेडलकडे नुसतं बघावं.
वळणावर कलत नाही, खड्ड्यात कुरकुरत नाही,
पाय उचलला तरी सरकत राहते,
पेन्शनीत निघालेल्या माणसासारखी, निवांत.

निळी तशी नाही.
निळी पाय उचलताच मागून सदरा धरते.
पहिले चार सिग्नल मी नंदीबैलासारखा मान हलवत आलो.
मग जमलं, मग रॉचडेलपर्यंत ब्रेकला शिवलो नाही.
स्टीअरिंग जरा जड. काचेवर आकडे तरंगतात,
माझ्या डोळ्यांत आधीच काय कमी तरंगतं!
मागची काच म्हणजे टपालपेटीचं तोंड.
आणि थंडीत हावरट:
साठ मैल चालली, नव्वद गिळले.
कागदावर विचाराल, तर पांढरीच.

पण वर, डोंगरात,
जिथे मोटरवेचे दोन हात फाकतात
आणि मधोमध एक शेत तसंच राहिलंय,
दगडी घर, कुंपण, चार ओली मेंढरं,
तिथे मंगळवारी वारा पडला
आणि पांढरी इतकी गप्प झाली
की ती ऐकू आली.

डाव्या कानातली शिट्टी.
एकोणीस वर्षं डिझेलचे टँकर हाकले, त्याची बक्षिसी.
घरी मी रेडिओ लावून झोपतो.
हेमलता उशी घेऊन पलीकडच्या खोलीत गेली,
त्याला आता पाच वर्षं होतील.
पांढरीत त्या शिट्टीला अख्खी गाडी मोकळी मिळाली.
दुहेरी काचा, लाख पौंडांची शांतता,
आणि आत आम्ही दोघंच.
त्या दिवशी पाट्या पिशवीत घालून परत येताना
बसच्या खडखडाटात डुलकी लागली मला.

निळी गुणगुणते.
खोटंच आहे ते. आत इंजिन कुठलं?
कुणा वाजवणाऱ्याला पैसे देऊन
स्पीकरमधून सोडलेला हुंकार,
वेगाबरोबर चढतो, उतरतो.
सेटिंगमध्ये जाऊन बंद करता येतो.
मी केला नाही.
त्याच शेतापाशी कान देऊन ऐकलं:
शिट्टी नाही. म्हणजे असणारच,
पण जत्रेत उधारीवाला तोंड चुकवून जातो, तशी.

ओल्डरॉइड बाई दारातच होत्या,
निवृत्त न्यायाधीश, पायात बागेतले बूट,
तीन दिवस वापरलेल्या पांढरीची किल्ली हातात.
"दोन्ही तुम्ही चालवल्यात. कुठली ठेवू?
नको ती आत्ताच परत न्या."

मी वळणं सांगितली, खड्डे सांगितले,
मैलांचा हिशोब सांगितला, मागची काच सांगितली.
सगळं खरं.
कानाचं कुणी विचारलं नव्हतं.
"पांढरी ठेवा," म्हणालो.

बाईंनी क्षणभर पाहिलं,
साक्षीदाराकडे पाहायची जुनी सवय असावी,
आणि चहा विचारला.
नको म्हटलं, रस्ता लांबचा आहे.
पाट्या निळीवरून काढल्याच नव्हत्या मी.

फाटकाबाहेर पडल्यावर
हुंकार दोन घरं वाढवला.
डोंगर यायला अजून पाऊण तास होता.