शिफारसपत्र

वाल्दिव्हियातला जुलै. हीटर नुसताच गुरगुरतो.
मी फॉर्म भरत बसलोय:
‘अध्यापनातलं नावीन्य, शंभर शब्दांत.’

प्रा. इर्मा कायुपान. भूकंपशास्त्र, पहिलं वर्ष.
निकालाचे आकडे बरे आहेत,
शेजारच्या वर्गाहून फार वेगळे नाहीत.

दाराशी ओतिलिया, हातात झाडू:
“त्या बाईंच्या तासानंतर
खुर्च्या कधी जागेवर नसतात हो.
पोरं भिंतीलगत रांग धरतात, खांद्याला खांदा.
एकजण ढकलतो, धक्का टोकापर्यंत धावतो.
मग डावीकडं-उजवीकडं डोलतात,
ती लाट मागून येते, रेंगाळत.
मला वीस मिनिटं जास्त लागतात आवरायला.

एकदा मलाच उभं केलं टोकाला.
विचारलं, आधी काय पोचलं?

आई सांगायची, साठ साली
आधी कपबशा किणकिणल्या,
आम्ही बाहेर पळालो,
मग घर गेलं.
मधल्या त्या पळाला देवाची दया म्हणायची ती.
मी बाईंना सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत,
वहीत लिहून घेतलं.”

रकाना अजून कोराच.
मी लिहिलं: खुर्च्या जागेवर नसतात.

उरलेले सत्त्याण्णव शब्द शोधतोय
तोवर ओतिलिया विचारते,
दिवा बंद करू का?