रात्री नवापर्यंत

डॉ. हुद्दार म्हणाल्या, ही सुई लांब पल्ल्याची,
रात्री नवापर्यंत गाल तुमचा नाही.
गोळी मात्र आठलाच घ्या,
दुखायची वाट बघत बसू नका.

बसमध्ये कंडक्टरनं विचारलं, "यल्लिगे?"
मी म्हटलं खानापूर,
ओठातनं निघालं भलतंच काहीतरी,
ना कन्नड, ना मराठी.
शेजारीण हसली. तिकीट मात्र बरोबर आलं.

चाळीस वर्षं ह्याच दातांत टाचण्या धरल्या,
ब्लाउजच्या बाह्या, कॉन्व्हेंटचे गणवेश,
एक कधी टोचली नाही.
आता हाडात स्क्रू बसलाय
आणि गाल परक्या घरच्या उशीसारखा.
देसूरच्या फाटकात
दोनदा चाचपून पाहिला, आहे का म्हणून.

आठला गार आंबील प्याले,
निम्मी हनुवटीवरनं सांडली, कळलंच नाही.
मालन पदर घेऊन पुसायला आली.
काही दुखत नसताना गोळी गिळली,
न आलेल्या पाहुण्याचं अंथरूण घालावं तशी.

सव्वानवाला ओठाच्या कडेला मुंग्या.
मग हिरडीत एक ठणका,
दारातनं डोकावला,
आत काही आला नाही.

अंधारात हळूच म्हणून बघितलं,
खानापूर.
नीट ऐकू आलं.