अठ्ठावीस पौंड

बर्मिंगहॅमला, स्टेडियमच्या पायऱ्यांखाली
बिनखिडकीच्या खोलीत मी रॅकेटांचं गटिंग करतो.
वरचा सामना मला दिसत नाही,
ऐकू येतो.
बूट करकरतात, मग सगळं गप्प,
मग छतातून धूळ पडावी तशा टाळ्या.

पहिल्यांदा आली तेव्हा सतराची होती,
पात्रता फेरीतली. गळ्यातल्या कार्डावर नाव : प्यो दा-ऊन.
तिचं इंग्रजी शून्य, माझं कोरियन त्याच्याही खाली.
तान्हं बाळ दुसऱ्याच्या हाती द्यावं
तशी दोन्ही हातांनी रॅकेट पुढे केली
आणि चिठ्ठीवर लिहिलं : २८.
मी म्हटलं, एवढ्याशा मनगटाला अठ्ठावीस पौंड?
मराठीतच म्हटलं.
ती हसली नाही. बोट पुन्हा आकड्यावर.

आमच्या इचलकरंजीत शटल म्हणजे धोटा.
फुलरॅकेटचं फूल मी फार उशिरा पाहिलं.
वडील यंत्रमागावर बारा-बारा तास;
घरी आले तरी ओरडूनच बोलायचे,
लाडानं बोलले तरी.
उभे बावीस, आडवे एकवीस,
एक वरून, एक खालून :
हे मला इंग्लंडात कुणी शिकवलेलं नाही.

बारा मार्च तिच्या रॅकेटा माझ्या हाताखालून गेल्या.
एकोणिसाव्या वर्षी तार नेमकी मधोमध तुटायची,
रुपया ठेवावा एवढ्या जागेत.
बाविसाव्या वर्षी उपांत्य फेरी.
त्या आठवड्यात नऊ रॅकेटा, माझ्या तर्जनीला चीर.
तिसरा गेम वीस-बावीस.
रात्री स्मेदिकच्या बसकडे निघालो तर
कालव्याच्या पुलावर ती एकटी,
बदकांना केळ्याचे तुकडे टाकत होती.
बदकं केळं खात नव्हती.
ती टाकतच होती.

पुढच्या वर्षी आली नाही.
त्यांच्या कोचनं स्वतःच्या गुडघ्यावर टिचकी मारून कारण सांगितलं.
त्यानंतरच्या वर्षी आली, चिठ्ठीवर २७.
आता तार कडेला तुटू लागली, चौकटीजवळ.
पाय वेळेवर पोचले नाहीत
की हाताला लांबावं लागतं,
आणि लांबलेला हात खोटं बोलत नाही.
टीव्हीवाल्यांना हे कळायला दोन वर्षं लागली.
मला आधीच माहीत होतं, सांगणार कुणाला?
मग २६.
इथे सगळंच पौंडात, भाडं, बटाटे, ताण.
बाकी सगळं चढत गेलं.

यंदा पहिलीच फेरी, एकोणतीस मिनिटं.
समोर डेन्मार्कची पोरगी;
ती जन्मली त्या साली मी हे मशीन हप्त्यानं घेतलं.
टाळ्या आल्या आणि थांबेनात.
जिंकणारीसाठी लोक इतका वेळ वाजवत नाहीत.

खाली आली तेव्हा केस ओले, गळ्यात टॉवेल.
आता तिचं इंग्रजी माझ्याहून बरं आहे.
एकच रॅकेट ठेवली. चिठ्ठी कोरी.
किती? मी विचारलं.
म्हणाली, नाजूला आईची पेअरची बाग आहे.
झाडावरच्या एकेका फळाला कागदी पिशवी बांधतात,
दिवसभर हात वर.
खांद्याला सवय आहेच.
मग जरा थांबून :
संध्याकाळी भाची खेळायला मागेल. सहा वर्षांची आहे.

मी एकवीस लावले.
पोरानं नुसतं टेकवलं तरी फूल उडावं, इतके मऊ.
गाठ मारली, टोक कापलं, तळव्यावर आपटून पाहिली.
इतकी वर्षं पत्र्यासारखी वाजायची,
आज भाजलेल्या मडक्यासारखी बोलली.
तिनं पैसे मोजून दिले,
मी मोजून घेतले.

ती दारात असतानाच डेन्मार्कवाल्यांचा माणूस आला,
सहा रॅकेटा, उद्या सकाळी हव्यात.
चिठ्ठीवर २९.
ठेव म्हटलं.
तिनं तो आकडा वाचला असावा,
कारण जाता जाता
उजव्या हातानं डावं नाही,
उजवंच मनगट चाचपायला गेली, आणि
रॅकेट मध्ये आली.